'नसीब में नै था' म्हटल्यावर प्रश्न संपतो का?

आपल्या समाजात कुठल्याही दुःखावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "नसीब में नै था." दुसरं, "अपने लोगां को कौन आगे जाने देता?" मुलीची शाळा सातवीनंतर सुटली, मुलाला बी.ए. होऊनही नोकरी लागली नाही, बापाचा पिढीजात धंदा बसला, घर भाड्याने मिळालं नाही, तलाक झाला. काहीही घडो, बोलणं या दोनपैकी एका वाक्यावर येऊन थांबतं. पहिलं वाक्य म्हणणारा सगळा भार अल्लाहच्या मर्जीवर किंवा स्वतःच्या कपाळावर टाकतो. दुसरं म्हणणारा तोच भार सरकारवर आणि बहुसंख्याकांवर टाकतो. दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं, की आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पालकांशी माझं रोजचं बोलणं असतं. अकोले तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतला, मोठ्या आदिवासी वस्तीचा तालुका. इथे महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, मराठा आहेत, दलित आहेत आणि बाजारपेठेच्या गावांत आम्ही मुसलमानही आहोत. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "आमच्या नशिबात नाही" हे वाक्य मी उर्दूत, मराठीत आणि डोंगराकडच्या बोलीतही ऐकलं आहे. वाक्य तेच, फक्त भाषा वेगळी. आणि ज्या अडचणीवरून ते म्हटलं जातं, ती अडचणसुद्धा बऱ्याचदा तीच. तरीही एका बाईला दुसरीची अडचण ठाऊक नसते.

मिल्स काय म्हणतो?

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं 'द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन' हे पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झालं. मराठीत त्याला 'समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती' असा शब्द वापरतात. 'कल्पनाशक्ती' म्हटलं की आपल्याला कविता आठवते; इथे तो अर्थ नाही. आपल्या घरात घडणारी गोष्ट आणि आपल्या काळात, आपल्या समाजात घडणारी गोष्ट यांच्यामधला धागा पाहता येणं, असा तिचा साधा अर्थ आहे.

मिल्सने 'व्यक्तीची अडचण' आणि 'सार्वजनिक प्रश्न' असा फरक केला. त्याचं उदाहरण बेकारीचं आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब, त्याला मिळालेल्या संधी यांत कारण शोधावं. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर त्या दीड कोटींच्या स्वभावात कारण शोधणं निरर्थक आहे. तिथे संधी निर्माण करणारी व्यवस्थाच कोसळलेली असते. अडचण प्रत्येकाच्या घरात वेगवेगळी दिसते, कारण मात्र घराबाहेर असतं.

आमच्या तालुक्यात हे समजावून सांगायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. घाटघर, रतनवाडी हा सगळ्या नगर जिल्ह्यात सर्वांत जास्त पावसाचा भाग. त्याच पट्ट्यातल्या वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करतात. एखादी म्हणेल, "आमच्या कपाळी हंडाच लिहिलाय." पण १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण याच डोंगरांच्या पायथ्याशी आहे. त्यातलं पाणी प्रवरेतून खाली जातं आणि कालव्यांनी संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंतच्या शेतीला मिळतं. त्याच पाण्यावर ऊस झाला, उसावर साखर कारखाने उभे राहिले, कारखान्यांवर राजकारण उभं राहिलं. खालच्या शेतकऱ्याने पाणी चोरलं असं मी म्हणत नाही, त्यानेही घाम गाळला आहे. पण वरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि खालच्या शेतातला ऊस एकाच नदीने जोडलेले आहेत. हे एकदा दिसलं की 'कपाळ' हा शब्द पुरेसा वाटत नाही. धरण कुठे बांधायचं, कालवे कुठून काढायचे, वरच्या वाडीला उचलून पाणी द्यायचं की नाही, हे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. माणसांनी घेतलेला निर्णय माणसांना बदलता येतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही

'ही सगळी पाश्चात्त्य विद्वानांची पुस्तकं, आपला काय संबंध?' असं कुणी म्हणेल. इब्न खलदूनने चौदाव्या शतकात आपला 'मुकद्दिमा' लिहिताना राजवटी का उभ्या राहतात आणि का ढासळतात, याची कारणं राजाच्या गुणदोषांपलीकडे, लोकांच्या जगण्यात आणि एकजुटीत शोधली होती. हा ट्युनिसचा माणूस आपल्या मदरशांत आणि घरांत नावाने माहीत असतो, पण त्याचा प्रश्न विचारण्याचा ढंग आपण उचलला नाही.

आणि आपल्या मराठीतलं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो छापला गेला 'ज्ञानोदय'मध्ये. हे नियतकालिक १८४२ साली आमच्याच नगरमध्ये सुरू झालं होतं. मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने आपल्या समाजातल्या बायांच्या बाळंतपणाचे हाल लिहिले, डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात होणारे. ते लिहिताना 'त्यांचं नशीब फुटकं' असं म्हणून ती थांबली नाही. ज्यांनी विद्या नाकारली, जमीन नाकारली, धर्म नाकारला त्यांना तिने थेट प्रश्न विचारले. मिल्सच्या पुस्तकाला तेव्हा अजून शंभरहून जास्त वर्षं होती. चौदा वर्षांची मुलगी एका बाळंतिणीच्या वेदनेपासून सगळ्या समाजरचनेपर्यंत जाऊ शकते, तर आपण वडीलधाऱ्या माणसांनी पालक-सभेत गप्प का बसावं?

सात बायका आणि त्यांच्यानंतर

मुसलमान वाचकांना यातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण आपल्याच घरातलं वाटायला हवं. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायकांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. फक्त सात. त्या काळी ती संख्या पाहून पुष्कळ लोक हसले असतील. दलवाईंची सगळी मतं मान्य असोत वा नसोत (माझीही काही मतं त्यांच्याहून वेगळी आहेत), त्या सात जणींनी काय केलं ते नीट पाहा. त्याआधी तलाक ही एकेका घरातली गोष्ट होती. मुलगी माहेरी परत यायची, शेजारी कुजबुजायचे, "उसकाच कुछ तो होयेंगा" म्हणायचे आणि विषय संपायचा. प्रत्येक बाई स्वतःलाच दोष देत एकटी बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा ते दुःख घराच्या उंबऱ्याबाहेर, रस्त्यावर, सरकारच्या दारात गेलं. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. नावातला 'सत्यशोधक' हा शब्द फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाशी नातं सांगतो.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि तिचा पुढचा भाग आपल्याला अडचणीचा आहे. इंदूरच्या शाहबानोला १९७८ साली, साठी उलटल्यावर, नवऱ्याने तलाक दिला. उच्च न्यायालयाने तिला पोटगी ठरवली ती महिना १७९ रुपये २० पैसे. सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी तिचा हक्क मान्य केला. त्यावर देशभर जे रण माजलं त्यात शरियत होती, सेक्युलॅरिझम होता, मतपेटी होती. फक्त १७९ रुपये २० पैसे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. १९८६ साली कायदा झाला. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक अवैध ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आली. हे सगळं होईपर्यंत सात बायकांच्या मोर्चाला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. एवढ्या अवधीत हा प्रश्न आपण मोहल्ल्यात, मशिदीत, जमातीच्या बैठकीत स्वतःचा म्हणून उचलला असता, तर दुसऱ्या कुणी त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या भाषेत तो उचलला नसता.

आपण 'घरची बात' म्हणून झाकून ठेवलेला प्रश्न नाहीसा होत नाही. तो एक दिवस दुसऱ्याच्या हातात जातो आणि तो त्याचा वापर त्याच्या कामासाठी करतो.

लाल शाईच्या खुणा

आता माझ्या रोजच्या कामातलं एक उदाहरण देते. आमची मुलं घरी दखनी बोलतात. "मेरेकू नको", "कायकू गया था", "वो लोगां आये". शाळेत उर्दूच्या पुस्तकातली भाषा दिल्ली-लखनौच्या वळणाची. बाजारात मराठी. आणि पुढे शिकायचं तर इंग्रजी. मूल उर्दूच्या निबंधात 'मेरेकू' लिहितं आणि त्याखाली लाल रेघ येते. चार-पाच वर्षं अशा लाल रेघा पाहिल्या की मूल ठरवतं, 'मुझे जबान नै आती.' घरचे ठरवतात, 'इसका दिमाग नै चलता.'

खरं पाहता या मुलाला तीन भाषांमध्ये व्यवहार करता येतो. दखनी ही काही बिघडलेली उर्दू नाही. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाहीच्या काळात दख्खनमध्ये याच बोलीत कविता आणि सुफींचं लेखन झालं. उर्दू काव्याची सुरुवातीची घडण इथलीच आहे. नगर शहर तर निजामशाहीची राजधानी. म्हणजे ज्या मातीत ही बोली वाढली त्याच मातीत तिला चूक ठरवलं जातं. मुलाच्या बुद्धीचा यात काही संबंध नाही. कुठली बोली प्रमाण ठरली, पाठ्यपुस्तक कुठल्या शहराच्या वळणाने लिहिलं गेलं, हा इतिहास आहे.

आणि माझ्या मराठीच्या वर्गातही हेच घडताना दिसतं. डोंगराकडून आलेलं महादेव कोळी किंवा ठाकर मूल त्याच्या बोलीतला शब्द लिहितं आणि तिथेही लाल रेघ येते. तेही मूल हळूहळू हात वर करणं सोडून देतं. उर्दूच्या वर्गातली सलमाची आई आणि मराठीच्या वर्गातली सखूची आई (दोन्ही नावं मी केवळ बोलण्यासाठी घेतली आहेत) शाळेच्या एकाच फाटकातून बाहेर पडतात. दोघींना वाटतं, आपलंच मूल कच्चं आहे. दोघी एकदा एकमेकींशी बोलल्या, तर त्यांच्या लक्षात येईल की मुलं कच्ची नाहीत. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये पूल बांधायचा राहून गेला आहे. तो बांधणं हे शिक्षकाचं, अभ्यासक्रमाचं आणि शासनाचं काम आहे.

भाषेवरून आणखी एक अनुभव जवळपास प्रत्येक मराठी मुसलमानाला येतो. "तुमचं मराठी किती छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मी याच मातीत जन्मले, मराठी शिकवते, तरी माझं मराठी हे कौतुकाचा विषय का व्हावं? दुसरीकडे आपल्याच नात्यातले लोक विचारतात, "घर में मराठी कायकू बोलते?" दोन्ही बाजूंनी एकच समजूत बोलत असते, की मराठी म्हणजे हिंदू आणि मुसलमान म्हणजे उर्दू. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. त्यांचा 'योगसंग्राम' मराठीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ हातात घेऊन उभे राहिलेले अमर शेख मराठीत गायले. ही नावं शाळेत शिकवताना त्यांच्या मराठीपणाचं आश्चर्य वाटेनासं होईल, त्या दिवशी त्या कौतुकाची गरजही संपेल. तोवर माझ्या मनाला लागलेली ती छोटीशी ठेच ही माझ्या हळवेपणाची गोष्ट नाही. ती एका समजुतीच्या इतिहासाची गोष्ट आहे.

'आपण मुसलमान म्हणून' हे उत्तर कुठे पुरतं, कुठे नाही

दुसऱ्या तयार उत्तराकडेही तितक्याच स्पष्टपणे पाहायला हवं. 'आपण मुसलमान आहोत म्हणून' हे काही वेळा खरं असतं. नाव सांगितल्यावर घरमालकाचा आवाज बदलतो, हे अनेकांनी अनुभवलं आहे. प्रत्येक जण समजतो, आपल्याला तो एक मालक वाईट भेटला. पंतप्रधानांनी २००५ मध्ये नेमलेल्या सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, त्यात घर भाड्याने किंवा विकत मिळण्यातल्या या अडचणीची नोंद आहे. म्हणजे तो एकटा मालक नव्हता.

पण त्याच अहवालाने आपल्याविषयीचे अनेक समजही मोडले. मुसलमान मुलांना शाळेऐवजी मदरशात पाठवतात, असं सर्रास बोललं जातं. समितीने मोजलं, तर शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुलं मदरशात होती. २००१ च्या जनगणनेनुसार मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची ६४.८ टक्के. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. ही मुलं मदरशातही नव्हती. ती गॅरेजमध्ये, फळांच्या गाडीवर, घरकामात होती. मोजल्याशिवाय हे दिसलं नसतं.

आपल्या राज्यातही २००८ साली महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला, २०१३ साली त्याचा अहवाल आला, २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण तेव्हा थांबवलं नव्हतं, पण अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही. हे अहवाल आपल्या किती घरांत वाचले गेले? ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांनाच ते आपले वाटले नाहीत, तर ते कपाटात राहणारच.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झाल्याचं दिसलं. म्हणजे पाचांतली एक. हा आकडा सगळ्या महाराष्ट्राचा आहे, सगळ्या जातीधर्मांचा. राज्यात मुसलमान २०११ च्या जनगणनेनुसार साडेअकरा टक्के. हा प्रश्न 'आमच्या समाजाचा मागासलेपणा' म्हणून आपण मान खाली घालून ऐकून घेतो, तेव्हा शेजारच्या आळीतलीही तेवढीच लहान नवरी आपल्याला दिसत नाही. आणि 'आमच्याकडेच बोट का दाखवता?' म्हणून उसळतो, तेव्हा आपल्या आळीतली लहान नवरी दिसत नाही. दोन्ही वेळा नजरेआड होते ती मुलगीच.

धंद्यांचंही तसंच. नदाफ-पिंजाऱ्यांचा धंदा बसला, तेव्हा पोरगा म्हणाला, 'अब्बाने वक्त पे कुछ किया नै.' पण गादी कापसाची राहिली नाही, फोमची झाली. पिंजण्याचं काम यंत्राकडे गेलं. कुंभार, बुरूड, कल्हईवाले यांच्याही घरात तेव्हा हेच घडत होतं. अब्बांची चूक असेल तर ती त्या सगळ्यांच्या अब्बांची म्हणावी लागेल.

शाळा सुटण्याची गोष्ट

लहान गावांत उर्दू शाळा असली तरी बहुधा सातवी-आठवीपर्यंत असते. पुढे उर्दूतूनच शिकायचं तर मोठं गाव गाठावं लागतं. घरात चर्चा होते ती मुलीच्या वयाची, पर्द्याची, 'जमाना खराब है' याची. म्हणून बाहेरच्यांना वाटतं, हा धर्माचा प्रश्न आहे. आईशी जरा निवांत बोललं की वेगळी वाक्यं निघतात. परतीची गाडी अंधार पडल्यावर येते. थांब्यावर दिवा नाही. शाळेत मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नाही. माध्यम बदललं तर पोरगी मागे पडेल. 'जमाना खराब है' या तीन शब्दांत हे सगळं गुंडाळलेलं असतं.

डोंगराकडच्या गावातून अकोल्याच्या कॉलेजला येणाऱ्या आदिवासी मुलीच्या आईची वाक्यंही हीच आहेत. एसटीत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. त्या योजनेला नाव अहिल्याबाई होळकरांचं, जे आता जिल्ह्याचंही नाव आहे. पण पास मोफत असून गाडी वेळेवर नसेल तर पासाचं करायचं काय? २०२० च्या मार्चमध्ये कोविडने शाळा बंद केल्या. त्या सावरत होत्या, तोच २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार घर चालवण्याइतका नव्हता, हेही खरं. त्यांच्याही घरात अडचण होती. त्या दोन वर्षांत ज्या मुली घरी बसल्या, त्यातल्या पुष्कळ परत आल्या नाहीत, त्यांची लग्नं झाली. यातल्या प्रत्येक घरात आज सांगतात, 'उसका पढाई में दिल नै था.' इतक्या मुलींचं मन एकाच वेळी अभ्यासातून कसं उडालं?

मग माणसाच्या हातात काही नाही का?

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकते. सगळं समाजावर ढकललं, तर आळशी माणसाला निमित्तच मिळेल. आक्षेपात तथ्य आहे. मिल्सनेही माणसाचं चरित्र बाजूला ठेवा असं सांगितलं नव्हतं. चरित्र आणि इतिहास दोन्ही एकत्र वाचा, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच मोहल्ल्यातून, तीच गाडी पकडून एखादी मुलगी डॉक्टर होते. तिच्या जिद्दीला सलाम. पण तिचं उदाहरण देऊन उरलेल्या मुलींना दटावू नये. उलट तिला विचारावं, तुझ्याकडे काय होतं जे त्यांच्याकडे नव्हतं? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं. एक आत्या शहरात होती, वडील सोडायला जायचे, एखाद्या शिक्षकाने फॉर्म भरून दिला. म्हणजे ज्या आधारावर ती उभी राहिली, तो इतरांनाही देता येण्यासारखा आहे.

आणि तकदीर मानणाऱ्यांसाठी तदबीर हा शब्दही आपल्याच दीनचा आहे. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. उंट एकट्याचा असेल तर एकट्याने बांधावा. काफिल्याचा असेल तर सगळ्यांनी मिळून बांधायला हवा.

म्हणून माझं सांगणं फार मोठं नाही. घरात दुःख आलं की 'नसीब' किंवा 'अपने लोगां' म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे आणखी कुणाकुणाच्या घरात आहे? हे कधीपासून आहे? आणि हे कुठे नाही, तिथे काय वेगळं आहे? पहिल्या प्रश्नाने आपला एकटेपणा जातो. दुसऱ्याने कळतं की हे आकाशातून पडलेलं नाही, त्याला सुरुवात आहे. तिसऱ्याने मार्ग दिसतो. उत्तरं आली की वाटणी करावी. यातलं काय फक्त आपलं आहे, जसा एके काळी तलाकचा प्रश्न होता? त्यासाठी आपल्या जमातीत उभं राहून बोलावं लागेल. काय मुसलमान म्हणून वाट्याला येतं? त्यासाठी संविधानाने दिलेल्या हक्काची भाषा बोलावी लागेल. आणि काय गावातल्या सगळ्या गरिबांचं सारखं आहे? त्यासाठी सखूच्या आईशेजारी जाऊन बसावं लागेल.

बसायला जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात, असं ठरवून दिलं आहे. बऱ्याच ठिकाणी या समितीच्या वहीवर सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. पुढच्या बैठकीला सह्या करण्याआधी वर्गाचा हजेरीपट मागा. पाचवीत ज्या मुली होत्या, त्यातल्या आठवीत कोण नाही, दहावीत कोण नाही, एवढंच एका कागदावर लिहा. नावासमोर कारण लिहिताना 'दिल नै था' असं लिहू नका. गाडीची वेळ लिहा, थांब्याचं नाव लिहा, लग्नाची तारीख लिहा. त्या कागदावर आयेशा आणि अलका ही नावं एकाखाली एक येतील. मग तो कागद ग्रामसभेत वाचा आणि त्याच्या खाली दोघींच्या आयांची सही घ्या.